माउस त्याचा, कीबोर्ड तिचा

शनिवारी दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी ती किंचाळली.

किंचाळण्यासारखं काही झालं नव्हतं, असं नंतर सगळ्यांचं मत पडलं. कॉलेजची तळमजल्यावरची खोली, दहा कॉम्प्युटर, वीस विद्यार्थी, आणि दारावर कागद चिकटवलेला: 'कॉम्प्युटरची तोंडओळख. बारा आठवडे. आधी काही येत नसलं तरी चालेल.' पण तिनं टेबलावरची ती गुळगुळीत वस्तू हातात घेतली, गेली नऊ वर्षं ती क्रीमचा कोन धरायची तशीच मुठीत घट्ट, आणि पिळली. पडद्यावर एक खिडकी उघडली. ती दचकली. दचकून आणखी जोरात पिळली. दुसरी उघडली. मग तिसरी, मग सातवी... आणि कोपऱ्यातला तो बाण, जो आत्तापर्यंत होता, तो गेला. कुठे गेला? पडद्याच्या बाहेर? टेबलाखाली? तिनं खरोखरच टेबलाखाली वाकून पाहिलं. आणि मग किंचाळली.

"अहो, सोडा त्याला! जीव जाईल बिचाऱ्याचा!"

उजव्या हाताला बसलेला माणूस. उंच इतका, की गुडघे टेबलाखाली मावत नव्हते म्हणून तिरका बसलेला. त्यानं दोन बोटांनी माउस तिच्या मुठीतून सोडवून घेतला. सगळ्या खिडक्या मिटल्या एकेक करून, आवाज न करता. बाण परत आला. पडद्याच्या मध्यावर शहाण्या मांजरासारखा येऊन बसला.

"कसं केलंत?"

"हात हलका. त्याला वजन नाहीये ना." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या कानाला... काहीतरी गुलाबी लागलंय."

क्रीम. अर्थातच. तिला घरी ठिपकी म्हणतात ते काही उगाच नाही. अंगावर कुठे ना कुठे क्रीमचा ठिपका नाही असा दिवस तिला आठवत नव्हता. बेकरी तिच्या आत्याची. आत्या पाव-बिस्किटं बघायची आणि केकवर नावं लिहायची ती ठिपकीनं. अभिनंदन, शुभेच्छा, लवकर बरे व्हा... आख्ख्या गावाच्या आनंदावर तिचं अक्षर होतं. आणि गेल्या महिन्यात आत्यानं यंत्र आणलं. कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, साखरेच्या कागदावर नावं छापून देणारं. "ठिपके, शिकलीस तर यंत्र तुझं," आत्या म्हणाली होती, "नाही तर उद्यापासून खोक्यांना दोऱ्या बांध."

"आणि तुम्ही?" हे सगळं सांगून झाल्यावर तिनं कान पुसत विचारलं.

"क्रेन चालवतो. नदीकाठचं मोठं बांधकाम आहे ना, तिथली पिवळी."

"ती? एवढी उंच?"

"तीनशे बारा पायऱ्या. शिडीच्या. सकाळी चढलो की संध्याकाळीच खाली. डबासुद्धा वर." त्यानं माउस तळव्याखाली जरा हलवला. "वर एक दांडा असतो. केसभर हलवला तर खाली दोन टनांचा तुळयांचा गठ्ठा हातभर सरकतो. त्या मानानं हे म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"खेळणं."

तेवढ्यात सरांनी सांगितलं, कीबोर्डवर स्वतःचं नाव लिहा. त्यानं कीबोर्डकडे पाहिलं आणि तो अलगद तिच्याकडे सरकवला. "हे तुमचं. तुम्ही अक्षरांतल्या. माझी बोटं जाडी, एकावेळी तीन बटणं दाबतात."

असा तो करार झाला. माउस त्याचा, कीबोर्ड तिचा. घरातली कामं वाटून घेतात तसा. दहा नंबरच्या कॉम्प्युटरला बहुधा कळलंही नाही की त्याच्यापुढे दोन माणसं बसलीत, एक नाही.

दोन वापरकर्ते सापडले

दर शनिवारी तीन ते पाच.

शनिवार दुसरा. तो उशिरा आला, तिनं त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली. कुणासाठी तरी खुर्ची धरून ठेवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार तिसरा. तिला कळलं की त्यानं प्रत्येक चित्राला नाव ठेवलंय. फाइल जपून ठेवायचं ते चौकोनी चित्र म्हणजे 'डबी'. कात्रीला कात्रीच. कचरापेटीला 'टोपली'. पत्रांचं ते 'पिवळं पाकीट'. सर म्हणायचे, "सेव्ह करा," आणि हा तिच्याकडे झुकून हळूच विचारायचा, "डबीत टाकू?" जणू दोघांचं काही गुपित त्या डबीत साठत होतं. पडद्यावर सूचना आली की तो म्हणायचा, "तुम्ही वाचा हो, तुमच्या आवाजात बरी वाटते. मी वाचली की धमकी वाटते." ती वाचायची. तो क्लिक करायचा. खोलीत सगळ्यात आधी त्यांचंच व्हायचं.

शनिवार चौथा. हा सांगायलाच हवा.

"वरून काय दिसतं हो?" तिनं विचारलं.

"नदी. पूल. शाळेचं मैदान. तुमची बेकरी."

"बेकरी दिसते?"

"लाल पत्रा. मागचं दार. तिथे रोज सव्वाअकराला एक बाई बाहेर येतात, पांढरा एप्रन, आणि दोन मिनिटं तोंड वर करून माझ्याकडे बघत उभ्या राहतात. आठ महिने झाले." तो पडद्याकडेच बघत होता, कान मात्र लाल झाले होते. "पहिल्या दिवशी तुम्ही इथे आत आलात तेव्हा मी एप्रन नसतानाही ओळखलं. मान वर करायची पद्धत..."

तिचा आ वासला तो मिटेना.

"अहो, मी मान मोकळी करते! केकवर वाकून वाकून मान धरते माझी! मी तुमच्याकडे नाही... मला माहीतसुद्धा नव्हतं की त्या पिवळ्या खोक्यात माणूस असतो!"

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "आठ महिने?"

"आठ महिने."

"मी हातसुद्धा हलवायचो."

दोघंही एकदम हसत सुटली. पुढच्या टेबलावरचे निवृत्त मास्तर मागे वळले. गणित शिकवण्यात चाळीस वर्षं गेलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा," ते म्हणाले. "माझ्या वर्गातून मी हाकललं असतं दोघांना."

त्या दिवशी जाताना त्यानं तिला क्रेनचे इशारे शिकवले. कॉलेजच्या फाटकाशी, येणारे-जाणारे बघत असताना. खाली उभा असतो तो 'खालचा', तो हातांनी बोलतो, वरचा ऐकतो. बोट आभाळाकडे करून फिरवलं की उचल. जमिनीकडे करून फिरवलं की खाली घे. तळवा आडवा धरून हलवला की थांब. आणि एका हातानं इशारा करताना दुसऱ्याचा तळवा त्यावर स्थिर धरला, तर... हळू. अगदी हळू.

"हे मला आवडलं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"हळू."

सोमवारी सव्वाअकराला ती मागच्या दारात आली. मान वर केली. या वेळी हात हलवला. दूर, पिवळ्या खोक्यात काहीतरी हललं.

आत्या दारातून म्हणाली, "माश्या हाकलतेस का गं?"

तुम्हाला हे बदल जतन करायचे आहेत का?

शनिवार सहावा. सर म्हणाले, "आज टायपिंगचा सराव. मनातलं काहीही लिहा, चार-पाच ओळी. मग शेजाऱ्यानं वाचायचं, चूक असेल तर सांगायची आणि सेव्ह करायचं."

मनातलं काहीही! ठिपकीनं आयुष्यात हजारो लोकांच्या मनातलं लिहिलं होतं, तेही साखरेत. स्वतःच्या मनातलं लिहायला कधी कुणी केकच दिला नव्हता. तिनं पडदा थोडा स्वतःकडे वळवला. तो खिडकीबाहेर बघत होता. वारा किती आहे ते बघायची त्याला सवय होती, कारण वारा फार सुटला की क्रेन बंद. तिनं लिहिलं. बोटं थरथरत होती, पण अक्षरं नीट येत होती, छापील अक्षरांचं हे एक बरं असतं.

*माझ्या उजव्या हाताला एक माणूस बसतो. तो माउस धरतो तेव्हा बाण घाबरत नाही. मी पण घाबरत नाही. तो आवडतो मला.*

आणि एका दमात पडदा त्याच्याकडे वळवला.

त्यानं पाहिलं. नीट पाहिलं. डोकं किंचित तिरकं करून, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत. तिच्या कानात स्वतःचंच काळीज वाजत होतं.

"छान," तो म्हणाला.

"...छान?"

"हो ना. ओळी कशा एका रेषेत आल्यात. भिंत घेतल्यासारख्या."

"तुम्हाला... काही सांगायचंय का?"

"नाही बुवा. चूक काही दिसत नाही मला." आणि बाण सुळकन वर गेला. "डबीत टाकू? नाव काय द्यायचं?"

तिनं 'दहा' असं लिहिलं. कॉम्प्युटरचा नंबर. दुसरं काही सुचलंच नाही. त्यानं क्लिक केलं. फाइल मिटली.

"चला, चहा घेऊ या?" तो म्हणाला.

चहा! माणसानं कुणाचं काळीज डबीत टाकावं, झाकण लावावं, आणि विचारावं, चहा घेऊ या?

होय. नाही. रद्द करा.

आठवडाभर ती केकवर चुकीची नावं लिहीत होती. मनात मात्र तोच शनिवार पुन्हापुन्हा नव्यानं घडत होता.

एकदा तो वाचतो आणि म्हणतो: मला पण.

मागे घ्या.

एकदा तो वाचतो आणि म्हणतो: माफ करा, तसं काही नाही.

हेही मागे घ्या. पण हे बरं होतं! निदान उत्तर तरी होतं. 'छान' हे काय उत्तर झालं? 'ओळी एका रेषेत' हे काय? इतका सभ्य नकार तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

"बाई गं," आत्या म्हणाली, "'लवकर बरे व्हा' असं लिहिलंयस. लग्नाच्या केकवर."

फाइल काढून टाकली

शनिवार सातवा. ती वीस मिनिटं आधी आली. खोली रिकामी. तिनं माउस धरला. हात हलका... आणि हलका झालाही, कारण रागात एक विचित्र शांतपणा असतो. उजवं बटण. यादी उघडली. 'काढून टाका.' पडद्यावर 'दहा' होती, आता नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एकटीनं माउस चालवला होता, आणि तो यासाठी.

मग तिनं सरांना सांगितलं की तिला पुढे बसायचंय, फळा दिसत नाही. सरांनी तिला पहिल्या टेबलावर बसवलं.

तो आला. दहा नंबरपाशी उभा राहिला. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग तिच्या पाठीकडे. तिनं वळून पाहिलं नाही... एकदाच पाहिलं. सर त्याच्यापाशी जाऊन म्हणत होते, "आज एकटे आहात तर घ्या, पत्ता टाइप करून दाखवा." तो कीबोर्डकडे बघत राहिला. बराच वेळ. मग उठला, सरांना काहीतरी म्हणाला, आणि दारात डोकं वाकवून निघून गेला.

बरं झालं, असं ती मनात म्हणाली. चारदा म्हणाली, तरी बरं वाटेना.

प्रतिसाद मिळत नाही

गुरुवारी दुपारी वाऱ्यानं क्रेन बंद पडली, आणि तो बेकरीत आला.

पिवळं हेल्मेट काखेत, बुटांना सिमेंट. तिला आतून काचेतून दिसला आणि हातातला कोन टेबलावर वेडावाकडा सांडला. केक त्यानंच फोनवर सांगितला होता, पण फोन आत्यानं घेतला होता, त्यामुळे कुणाचा ते तिला ठाऊक नव्हतं. त्याचा 'खालचा', अकरा वर्षं हात करणारा माणूस, निवृत्त होत होता.

गल्ल्यापाशी दोन खोकी उघडी ठेवली होती. दोन्ही पांढरे केक, दोन्हीवर निळी अक्षरं. एकावर: *अकरा वर्षांच्या साथीला सलाम.* दुसऱ्यावर: *आमच्या छकुलीला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.*

आत्या म्हणाली, "बघून घ्या हं, मग बांधते."

त्यानं पाहिलं. डोकं किंचित तिरकं करून, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत. "वा, झकास," तो म्हणाला आणि दुसरं खोकं उचललं. "बांधा."

"अहो!" आत्या खो खो हसली. "निवृत्त होणाऱ्याला पहिला वाढदिवस? आणि छकुली? फारच विनोदी बुवा तुम्ही!"

तोही हसला.

पण अर्धा क्षण उशिरा. आत्याला कळलं नाही, रांगेतल्या कुणाला कळलं नाही. काचेमागे ठिपकीला मात्र तो अर्धा क्षण दिसला, आणि जमीन पायाखालून सरकली म्हणतात ते काय असतं ते समजलं. ती नजर! तीच नजर. पडद्याकडे बघितलं होतं तीच. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून धावतात. याचे धावत नव्हते. तो त्या अक्षरांकडे वेलबुट्टीकडे बघावं तसा बघत होता.

छान. ओळी कशा एका रेषेत. तुम्ही वाचा हो. डबी, कात्री, टोपली, पिवळं पाकीट... चित्रं, नुसती चित्रं!

त्यानं तिचं पत्र नाकारलं नव्हतं. ते त्याला मिळालंच नव्हतं.

ती मागच्या दारानं धावत गल्ली ओलांडून रस्त्यावर आली. तो खोकं धरून उभाच होता, ती येणार हे ठाऊक असल्यासारखा.

"तुम्हाला कळलं," तो म्हणाला.

"हो."

"आत्ताच?"

"आत्ताच."

त्यानं खोकं कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. "लहानपणी राहून गेलं. मग लागलंच नाही हो कुठे. मी वर, खालचा खाली. तो हात करतो, मी उचलतो. अकरा वर्षांत एक वीट चुकली नाही." हेल्मेटवरून बोट फिरवत तो म्हणाला, "आता तो चाललाय. नवी क्रेन येतेय, तिच्यात पडदा आहे. हात नाही करणार कुणी, सगळं लिहून येणार. प्रमाणपत्र आणलं तर मी वर. नाही तर खाली उतरा, विटा मोजा."

"मला सांगायचंत तरी!"

"कुणाला? जी बाई साखरेतसुद्धा इतकं सुरेख लिहिते, तिला?" तो कसंनुसं हसला. "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही काय लिहिलं होतंत? तेव्हापासून तुम्ही... मला वाटलं मी काहीतरी चुकीचं दाबलं."

तिनं श्वास घेतला. आता किंवा कधीच नाही. "मी लिहिलं होतं की तुम्ही मला—"

त्याचा तळवा आडवा झाला. थांब.

"नका सांगू," तो म्हणाला. "आयुष्यभर सगळ्यांनी मला वाचूनच दाखवलंय. पगाराचा कागद, औषधाची बाटली, आईचं शेवटचं पत्रसुद्धा. हे मी वाचणार. माझं मी. पाच आठवडे आहेत ना परीक्षेला? तिथेच आहे ना ते, डबीत?"

ठिपकीनं तोंड उघडलं.

मिटलं.

"आहे," ती म्हणाली.

कृपया थांबा

पाच आठवडे त्या एका शब्दानं तिला झोप लागू दिली नाही. आहे! काय आहे? स्वतःच्या हातानं पुसलं होतं तिनं. पुन्हा लिहावं म्हटलं तर नेमके शब्द आठवेनात. आणि आता ठरवून, विचार करून लिहिलेलं ते तसंच कसं असणार? खोटी फाइल त्याच्यापुढे ठेवायची, आणि तीही त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचायची? छे.

खरं सांगून टाकावं म्हटलं, तर तो आता दहा नंबरवर मास्तरांशेजारी बसायचा. मास्तरांना त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं होतं. रोज संध्याकाळी सहा ते सात मास्तरांचं स्वयंपाकघर, पाटी नाही, फळा नाही, जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे. "गणिताचा माणूस मी," मास्तर तिला म्हणाले, "भाषेत कच्चा. पण हा पोरगा मला पळवतोय."

दुकानांच्या पाट्या वाचत तो बेकरीवरून जायचा. मोठ्यानं. मनातल्या मनात वाचणं त्याला अजून जमत नव्हतं. नव्या वाचणाऱ्याचे ओठ मिटत नाहीत.

"पा... व. पाव. ता... जा. ताजा पाव!" बाहेरून आवाज यायचा.

"काय झालंय त्याला?" आत्या विचारायची.

ठिपकी खोक्यावर वाकायची. मान धरायची. सांग, सांग, सांगून टाक... आणि तो काचेतून इतका हसत बघायचा की तिचे शब्द घशातच विरघळायचे.

टोपली रिकामी नाही

बारावा शनिवार. परीक्षा साडेतीनला. सर प्रश्नपत्रिका आणायला वर गेले होते. वीसच्या वीस जण खोलीत हात चोळत बसलेले.

तो दहा नंबरवर बसला. पूर्वीसारखी डावीकडची खुर्ची त्यानं ओढली आणि तिच्याकडे बघितलं. ती जाऊन बसली.

बाण सुळकन गेला. फोल्डर उघडला. तो एकेक नाव वाचू लागला, बोट पडद्यावर ठेवून. "प... त्ता. पत्ता. स... रा... व. सराव." यादी संपली. त्यानं पुन्हा वरून सुरुवात केली.

"नाहीये," तो म्हणाला.

"मी पुसली."

त्यानं वळून पाहिलं.

"सातव्या शनिवारी. मला वाटलं तुम्ही वाचून... 'छान' म्हणालात. मला राग आला. मग गुरुवारी कळलं, आणि तुम्ही म्हणालात आहे ना, आणि मी..." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, भर वर्गात, परीक्षेआधी दहा मिनिटं. "मी खोटं बोलले. पाच आठवडे."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. मग म्हणाला, "कशी पुसलीत?"

"म्हणजे?"

"कशानं?"

"उजवं बटण दाबलं, यादी आली, त्यात—"

"माउसनं?" त्याच्या भुवया कपाळात गेल्या. "तुम्ही? एकट्यानं?"

"...हो."

"एकही खिडकी न उघडता?"

"नाही उघडली."

"अहो मग," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं, "पुसली कुठे? टोपलीत टाकलीत तुम्ही! ते चित्र आहे ना कोपऱ्यात. चित्रं मला येतात."

दोन क्लिक. टोपली उघडली. बारा आठवडे ती कुणीच रिकामी केली नव्हती, सर आळशी होते, देव त्यांचं भलं करो. इतक्या दिवसांचा कचरा... आणि त्याच्या तळाशी 'दहा'. त्यानं ती अलगद उचलली. परत जागेवर ठेवली. उघडली.

मग त्यानं माउस धरलेला हात तसाच ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं, आणि वाचायला लागला.

मोठ्यानं.

ठिपकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं! त्याला मनात वाचता येत नाही!

"मा... झ्या. माझ्या. उ... ज... व्या. उजव्या."

"अहो, हळू," ती कुजबुजली.

"हळूच वाचतोय. हा... ता... ला. हाताला. माझ्या उजव्या हाताला!" मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग पुढच्या चार शब्दांत ते हसणं थांबलं. खोलीतली कुजबुज थांबली. खुर्च्या वळल्या. तो शब्दाला शब्द जोडत, एकेक तुळई उचलून जागेवर ठेवावी तसा पुढे जात होता, आणि एकोणीस माणसं त्याच्या दोन पावलं पुढे पोचून श्वास रोखून उभी होती. सर दारात आले, हातात प्रश्नपत्रिका, आणि तिथेच थबकले. मास्तरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

"मी... पण... घा... ब... र... त. घाबरत. नाही. मी पण घाबरत नाही."

मी घाबरतेय, ठिपकी मनात म्हणाली. मला टेबलाखाली जायचंय.

"तो. आ... व... ड... तो. आवडतो. म... ला. मला." त्यानं बोट काढलं. घाम पुसला. "तो आवडतो मला. संपलं! मास्तर, जमलं की नाही?"

"जमलं," मास्तर म्हणाले. आवाज जरा घोगरा.

"अख्खं!"

"अख्खं. आता अर्थ बघ, गाढवा."

तो पडद्याकडे वळला. ओठ पुन्हा हलले, आवाजाशिवाय. पहिल्यांदाच आवाजाशिवाय. आणि मग ठिपकीनं पाहिलं: बाण, जो त्याच्या हाताखाली कधी केसभरही चुकला नव्हता, तो थरथरत होता. पडद्यावर मध्येच, वेड्यासारखा.

"उजव्या हाताला..." तो म्हणाला. "कोण बसायचं?"

"अहो महाराज, तुम्हीच!" मागच्या टेबलावरून आवाज आला, आणि सगळी खोली फुटली.

सरांनी घसा साफ केला. "परीक्षा," ते म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार. "आधी दहा जण. फाइल उघडा, तीन ओळी लिहा, सेव्ह करा, बंद करा. प्रत्येकानं एकट्यानं."

आधीच्या दहांत ती होती. तीन ओळी तिनं झरझर लिहिल्या, काय लिहिलं ते तिला आजही सांगता येणार नाही. मग माउस. मूठ आपोआप आवळली. तिनं मान वर केली. तो भिंतीपाशी उभा होता, एका हाताचं बोट खाली, आणि त्यावर दुसरा तळवा स्थिर. हळू. अगदी हळू.

मूठ सुटली. डबी. फुली. झालं.

मग तो बसला. कीबोर्ड स्वतःकडे ओढून. एक बोट. वीस मिनिटांची परीक्षा, तो एकोणीस मिनिटं लिहीत होता. एक अक्षर शोधायचा, दाबायचा, वर बघायचा, चुकलं तर पुसायचा. बाकीचे नऊ जण संपवून कधीच उठले होते, पण घरी कुणी गेलं नव्हतं.

सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर तीन ओळी होत्या.

*मी पण.*
*मी पण.*
*मी पण.*

"तिन्ही सारख्याच?" सर म्हणाले. "मग एकदा लिहून बाकीच्या कॉपी करायच्या होत्या. माउसनं दोन सेकंदांचं काम. तुमच्याइतकं ते कुणालाच येत नाही."

"तीनदा म्हणायचं होतं, सर," तो म्हणाला.

आता बंद करायला हरकत नाही

सोमवार, सव्वाअकरा. आत नवं यंत्र गुरगुरत साखरेच्या कागदावर कुणाचं तरी नाव छापत होतं, आणि शेजारी आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती, विश्वास बसत नसल्यासारखी. तिनं हाक मारली, "ठिपके, अगं थांबव हे, चाळीस छकुल्या छापल्या यानं!"

"आले," ठिपकी म्हणाली, आणि गेली नाही.

ती मागच्या दारात उभी होती. तिनं बोट जमिनीकडे केलं, फिरवलं, आणि त्यावर दुसरा तळवा धरला. संध्याकाळी खाली ये. सावकाश उतर, तीनशे बारा पायऱ्या आहेत, पण ये.

दूर, नदीच्या वर, क्रेनचा रिकामा आकडा हातभर खाली आला, थांबला, पुन्हा वर गेला. हो म्हटल्यासारखा.

ती दोन मिनिटं वर बघत राहिली. मग पाच. मग आत्या शोधत येईपर्यंत.

मान अजिबात दुखत नव्हती.